व्हॉल्व्हचा फोनो प्रीॲम्प की सॉलिड-स्टेट? घरी तुलना करताना हमखास पडणारे प्रश्न

फोनो प्रीॲम्प, म्हणजे टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधला डबा, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा, म्हणजेच ट्यूबचा) घ्यायचा की सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टर किंवा चिपचा), हे ठरवायला दोन प्रीॲम्प शेजारी ठेवले, एकच रेकॉर्ड आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर वाजवली, की निकाल तयार. बहुतेक घरांत तुलना अशीच होते. ऐकू आलेला फरक खोटा नसतो, पण तो कशाचा हे कळत नाही. आवाजाच्या पातळीचा? कार्ट्रिजवरच्या (सुई बसवलेल्या भागावरच्या) लोडचा, म्हणजे प्रीॲम्प आणि केबलने त्याच्यावर टाकलेल्या विद्युत भाराचा? की खरोखर व्हॉल्व्हचा? खालचे प्रश्न याच गुंत्यातले आहेत. टर्नटेबल सपाट आहे, सुईचा दाब आणि कोन नीट लावलेत, सुई स्वच्छ आहे, एवढं गृहीत धरलंय.

फोनो प्रीॲम्प नेमकं काय करतो?

दोन कामं करतो. पहिलं काम सिग्नल मोठा करण्याचं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (ज्यात सुईबरोबर चुंबक हलतो) साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. ॲम्प्लिफायरच्या साध्या लाइन इनपुटला ते पुरत नाही, म्हणून शंभर पट, म्हणजे ४० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास गेन, म्हणजे वाढ, द्यावा लागतो.

दुसरं काम जास्त नाजूक. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबतात आणि वरचे उचलतात. खर्ज आहे तसा कापला तर खाच फार रुंद होईल आणि एका बाजूवर फारसं संगीत मावणार नाही. वरचे स्वर उचलले नाहीत, तर ते पृष्ठभागाच्या खसखशीत बुडतील. वाजवताना हे सगळं बरोबर उलटं फिरवायचं असतं. त्यासाठीचा आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचा) वक्र १९५४ पासून रूढ झाला. त्याचे टाइम कॉन्स्टंट (वक्र कुठे वळतो ते ठरवणारे आकडे) ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. १ किलोहर्ट्झला शून्य धरलं, तर वाजवताना २० हर्ट्झला सुमारे १९.३ डीबी वाढ आणि २० किलोहर्ट्झला १९.६ डीबी घट. एवढी मोठी चढउतार मोजक्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या भरवशावर होते. ते पाच टक्के टॉलरन्सचे असतील, तर वक्र अर्धा डीबी इकडेतिकडे सहज सरकतो. एखाद्याच फ्रीक्वेन्सीला अर्धा डीबी कमीजास्त झालेला कळणार नाही, पण दोन-तीन सप्तकांवर पसरलेला अर्धा डीबी कानाला 'उबदार' किंवा 'चमकदार' वाटतो. व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, हा प्रश्न अजून आलेलाच नाही!

मग दोघांत खरा फरक कुठे असतो?

योगायोग असा, की फोनो प्रीॲम्पमध्ये सर्वांत जास्त दिसणारा १२एएक्स७ व्हॉल्व्ह बाजारात आला १९४७ मध्ये, आणि बेल लॅब्समध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला तोही त्याच वर्षीच्या डिसेंबरात. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी चांगली आणि वाईट सर्किट भरपूर निघाली.

सर्किटच्या अंगाने पाहिलं तर व्हॉल्व्ह अडीचशे-तीनशे व्होल्टवर चालतो, त्यामुळे सिग्नलला वर-खाली हलायला भरपूर जागा असते. त्याचा स्वतःचा खळखळाट (नॉइज) जास्त, आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलच्या वाटेतला विद्युत अडथळा) बहुधा जास्त, आणि विकृती असेल तर ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीची. ऑप-ॲम्पचं (ॲम्प्लिफायरच्या छोट्या चिपचं) सर्किट साधारण अधिक-उणे १५ व्होल्टवर चालतं. खळखळाट कमी, आउटपुट इम्पीडन्स शंभर ओहमच्या घरात, विकृती मोजता मोजता नाकी नऊ यावेत इतकी कमी. यातलं किती कानापर्यंत पोचतं, ते पुढे येईलच.

तुलना सुरू करण्याआधी सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती?

आवाजाची पातळी सारखी करणं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

दोन प्रीॲम्पचा गेन सहसा सारखा नसतो. एकाचा ३६ डीबी आणि दुसऱ्याचा ४२ असेल, तर दुसरा दुप्पट व्होल्टेज देतोय. एवढा फरक लगेच कळतो आणि आपण आवाज कमी करतो. घात होतो तो एक-दीड डीबीच्या फरकात. तेवढ्याने 'मोठा' असं वाटत नाही. 'मोकळा', 'जिवंत', 'तपशीलवार' असं वाटतं, आणि जो मोठा तो जिंकतो.

पातळी जुळवायला टेस्ट रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झचा सूर आणि बॅटरीवर चालणारा मल्टिमीटर पुरतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, प्रीॲम्पच्या आउटपुटवर नको. एक तर प्रीॲम्पचे तीन-चारशे मिलिव्होल्ट साध्या मीटरच्या एसी रेंजमध्ये धड दिसत नाहीत. दुसरं, स्पीकरवर मोजलं की प्रीॲम्प आणि ॲम्प्लिफायर यांच्यातली देवाणघेवाणही हिशेबात येते. पहिल्या प्रीॲम्पवर व्हॉल्यूम असा लावा, की मीटर २ व्होल्टच्या आसपास दाखवेल. हा सूर कानाला टोचतो, तेव्हा काम आटोपतं घ्या. मग दुसरा प्रीॲम्प जोडून व्हॉल्यूम फिरवत आकडा १.९८ ते २.०२ च्या मध्ये आणा. एवढ्यात फरक ०.१ डीबीच्या आत येतो. २.३० व्होल्टवरच थांबलात, तर १.२ डीबीचा फरक राहिला, आणि तेवढा निकाल फिरवायला पुरेसा आहे. टर्नटेबलच्या वेगातल्या बारीक चढउतारामुळे आकडा थोडा नाचेल, तेव्हा मधला धरा. दोन्ही चॅनल स्वतंत्र मोजा. व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये डावा-उजवा व्हॉल्व्ह सारखा नसेल, तर इथेच उघडं पडतं.

साधे मल्टिमीटर चार-पाचशे हर्ट्झच्या वर अचूक नसतात, अशी शंका काही जण काढतात. शंका बरोबर आहे, पण इथे आड येत नाही. दोन्ही वेळा सूर तोच, मीटर तोच आणि रेंज तीच, त्यामुळे चूकही तीच. आपल्याला फक्त गुणोत्तर हवंय.

मला व्हॉल्यूमचा काटा नेमका तिथेच परत आणता येत नाही.

नॉबवर बारीक कागदी पट्टी चिकटवून खूण करा. डिजिटल व्हॉल्यूम असेल तर आकडा लिहून ठेवा. त्याची पायरी अर्ध्या डीबीची असेल, तर पाव डीबीपर्यंतचा फरक राहू शकतो. जो प्रीॲम्प तेवढा मोठा राहिला, त्याच्या बाजूने लागलेला निकाल जरा हात राखून घ्यावा.

कार्ट्रिज एकच, तरी एका प्रीॲम्पवर झांज टोचते आणि दुसऱ्यावर मऊ लागते. हाच का 'ट्यूब साउंड'?

असेलही. पण आधी कपॅसिटन्स (तारांची आणि सर्किटची विद्युतभार साठवण्याची क्षमता) तपासा. माझ्या मते घरच्या तुलनांमधला सर्वांत मोठा छुपा चोर हाच.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या आत बारीक तारेची मोठी गुंडाळी असते, आणि तिचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) कित्येकदा अर्ध्या हेन्रीच्या आसपास असतो. टोनआर्मची तार, आरसीए केबल आणि प्रीॲम्पचं इनपुट यांचा मिळून जो कपॅसिटन्स होतो, त्याच्याशी ही गुंडाळी रेझोनन्स साधते. अर्धा हेन्री आणि एकूण १५० पिकोफॅरड असेल, तर रेझोनन्स १८ किलोहर्ट्झच्या पुढे पडतो. २५० झाले की १४ वर येतो. ४०० झाले की ११ वर. त्या जागी ट्रेबलला उंचवटा येतो आणि त्याच्या पुढे उतार लागतो. कार्ट्रिजचे उत्पादक म्हणूनच लोड सांगतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेला १०० ते २०० पिकोफॅरड हवे, ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेला १५० ते ३००. रेझिस्टन्स मात्र दोन्हीकडे ४७ किलोओहम.

व्हॉल्व्हची खोड इथेच दिसते. १२एएक्स७ च्या ग्रिड आणि प्लेटमधला कपॅसिटन्स जेमतेम १.६ पिकोफॅरड. पण तो व्हॉल्व्ह पहिल्याच टप्प्यात पन्नास-साठ पट गेन देत असेल, तर मिलर परिणामामुळे इनपुटला तोच कपॅसिटन्स तितक्या पटीने मोठा होऊन दिसतो. म्हणजे शंभर पिकोफॅरड कुठेही न लिहिलेले येऊन बसतात! माहितीपत्रकात इनपुटला मुद्दाम लावलेला कपॅसिटर तेवढा लिहिलेला असतो, हा भाग बऱ्याचदा नसतो. ईसीसी८८ सारख्या कमी गेनच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा कॅस्कोड (दोन व्हॉल्व्ह एकावर एक जोडलेल्या) सर्किटमध्ये हा परिणाम बराच कमी.

यावर उपाय सोपा आहे. ज्या प्रीॲम्पचा कपॅसिटन्स कमी, त्याच्या इनपुटला वाय ॲडॅप्टर लावून त्यात ४७ किंवा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवलेला आरसीए प्लग खोचा. पॉलिस्टायरीन किंवा सी-झिरो-जी सिरॅमिक घ्या. दोघांचा ट्रेबल जवळ आला, तर फरक लोडचा होता असं समजा. नाही आला, तर शोध पुढे चालू ठेवा.

वाय केबल लावून एकाच वेळी दोन्ही प्रीॲम्पना कार्ट्रिज जोडलं तर? म्हणजे नुसतं इनपुट बदलून ऐकता येईल.

करू नका. दोन ४७ किलोओहम समांतर आले की कार्ट्रिजला २३.५ किलोओहम दिसतात आणि दोन्हीकडच्या कपॅसिटन्सची बेरीज होते. तुम्ही ऐकाल ते कुठल्याच प्रीॲम्पचं खरं रूप नसेल. शिवाय दोन उपकरणांची अर्थिंग एकमेकांत गुंतून हम (विजेच्या लाइनची घरघर) येण्याची दाट शक्यता.

कार्ट्रिजचा सिग्नल एका वेळी एकाच प्रीॲम्पला देणारा स्विच बॉक्स चालतो, फक्त तो धातूच्या डब्यातला हवा आणि त्याच्या आधीची-नंतरची केबल आखूड हवी. नाहीतर सरळ केबल बदला. व्हॉल्यूम पूर्ण खाली आणून, अर्थची वायर आधी जोडून.

व्हॉल्व्ह किती वेळ तापू द्यायचे?

आवाज अर्ध्या मिनिटात येतो. गेन आणि खळखळाट स्थिरावायला वीसेक मिनिटं द्या, आणि पातळी त्यानंतरच मोजा. सॉलिड-स्टेट तापवायची गरज मला कधी पटलेली नाही, पण दोघंही चालू ठेवायला काही हरकत नाही.

कोणत्या रेकॉर्ड वाजवून पाहाव्यात?

आवडीच्या. पण थोडी निवड केली तर काम सोपं होतं. एकट्या माणसाचा गाण्याचा आवाज, फारसा प्रतिध्वनी नसलेला, कारण आपल्या कानाला सर्वांत ओळखीचं तेच असतं. पियानोचा किंवा तंबोऱ्याचा लांबवर विरत जाणारा स्वर, कारण खळखळाट आणि हम तिथे उघडे पडतात. ब्रशने वाजवलेली झांज ट्रेबलसाठी. आणि बाजूच्या शेवटच्या, लेबलजवळच्या खाचांमधला एखादा जोरकस तुकडा. तिथे सुईच मुळात अडचणीत असते, आणि प्रीॲम्प त्यात भर घालतो की नाही ते कळतं.

एक रेकॉर्ड अख्खी ऐकून मग दुसरीकडे जाऊ नका. तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा घ्या. बारीक फरकांची आठवण कानात फार वेळ टिकत नाही.

डोळे झाकून चाचणी घरी कशी करायची? रेकॉर्डवर तर दर वेळी सुई उचलावी लागते.

सर्वांत सोयीचा मार्ग रेकॉर्डिंगचा. ऑडिओ इंटरफेसमधून संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला तोच तुकडा दोन्ही प्रीॲम्पमधून उतरवून घ्या. पीक शून्याच्या सहा-आठ डीबी खाली राहू दे. मग ऑडॅसिटीमध्ये दोन्हींची पातळी जुळवा आणि सुरुवात एकमेकांवर बसवा. टर्नटेबलचा वेग घड्याळासारखा काटेकोर नसल्यामुळे लांब तुकडे हळूहळू एकमेकांपासून सरकतात, म्हणून दहा-पंधरा सेकंदांचेच कापा. फूबार२००० मध्ये एबीएक्स चाचणीची सोय आहे. त्यात 'क्ष' हा अ आहे की ब, एवढंच ओळखायचं.

किती बरोबर आले तर खरं मानायचं? दहापैकी आठ नुसत्या अंदाजानेही साडेपाच टक्के वेळा येतात. दहापैकी नऊ आले, तर योगायोगाची शक्यता सुमारे एक टक्का. सोळापैकी बारा म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं खाली. आधी ठरवा किती फेऱ्या करायच्या, आणि तेवढ्याच करा. निकाल मनासारखा येईपर्यंत फेऱ्या वाढवत राहिलं, तर काहीही सिद्ध करता येतं.

'रेकॉर्डिंगमध्ये व्हॉल्व्हची जादू मरते' असा आक्षेप कायम येतो. चांगल्या २४ बिट कन्व्हर्टरचा खळखळाट रेकॉर्डच्या खसखशीच्या कितीतरी खाली असतो. जो फरक स्पीकरमधून ऐकू येतो, तो रेकॉर्डिंगमध्ये उतरायला काहीच अडचण नसते. तरीही मन मानत नसेल, तर घरातल्या कुणाला तरी पडद्यामागे केबल बदलायला बसवा. त्या माणसाने कुठला प्रीॲम्प लावला ते चेहऱ्यावरसुद्धा येऊ द्यायचं नाही.

व्हॉल्व्हचा गोडवा म्हणतात तो दुसऱ्या हार्मोनिकमुळे येतो ना?

ऐकायला हे स्पष्टीकरण छान आहे. दुसरं हार्मोनिक म्हणजे मूळ स्वराचंच वरचं सप्तक, म्हणून ते कानाला खटकत नाही, इथपर्यंत खरंच. पण आकडे पाहा. धड बनवलेल्या व्हॉल्व्हच्या फोनो टप्प्यात नेहमीच्या पातळीला विकृती ०.१ टक्क्याच्या आगेमागे असते, म्हणजे सिग्नलच्या ६० डीबी खाली. स्वतः कार्ट्रिज आणि खाच मिळून याच्या कितीतरी पट विकृती आधीच घालून मोकळे झालेले असतात, आणि आतल्या खाचांमध्ये तर टक्क्यांच्या भाषेत. त्या गर्दीत हे एक दशांश टक्का शोधणं कठीणच.

मला वाटतं, गोडवा म्हणून जे ऐकू येतं त्यातला मोठा वाटा ट्रेबलच्या उताराचा असतो, मग तो लोडमुळे असो, आरआयएएच्या चुकीमुळे असो, की आउटपुट इम्पीडन्समुळे. आणि थोडा वाटा मायक्रोफोनीचा. व्हॉल्व्हच्या आतल्या बारीक जाळ्या स्पीकरच्या आवाजाने थरथरतात आणि तो थरार पुन्हा सिग्नलमध्ये मिसळतो. त्याने एक किंचित घुमारा, 'अवकाश' तयार होतो. तपासायचं असेल, तर तोच तुकडा स्पीकर बंद करून हेडफोनवर ऐका. स्पीकरवर जाणवणारा अवकाश हेडफोनवर दोन्ही प्रीॲम्पना सारखाच झाला, तर मायक्रोफोनीचा संशय घ्यायला जागा आहे.

हे सगळं खोटं किंवा वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. आवडलं तर आवडलं. पण कारण कळलं, तर तोच आवाज कदाचित शंभर पिकोफॅरडच्या कपॅसिटरमध्येही मिळून जाईल.

मायक्रोफोनी किती आहे हे कसं ओळखायचं?

सुई उचललेली, व्हॉल्यूम नेहमीच्या ऐकण्याइतका. पेन्सिलच्या रबराच्या टोकाने व्हॉल्व्हवर अगदी हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून बारीक 'टक' येणं नेहमीचं आहे. 'टिंऽऽग' असा घंटेसारखा नाद लांबत राहिला, तर तो व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यातून काढून दुसऱ्या टप्प्यात घाला, तिथे गेन कमी असल्यामुळे त्याचा उपद्रवही कमी होतो. प्रीॲम्प स्पीकरपासून लांब ठेवल्यानेही बरंच भागतं.

हम येतोय. व्हॉल्व्ह आहे म्हणून चालवून घ्यायचा का?

चांगल्या प्रीॲम्पमध्ये नाही. आरआयएएमुळे ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा जवळपास १७ डीबी जास्त गेन मिळतो, त्यामुळे विजेच्या लाइनची कुजबुजसुद्धा फोनो प्रीॲम्प मोठ्याने सांगतो. आधी हमचा पोत ऐका. खोल, गोल 'ऊंऽऽ' असेल तर तो लाइनच्याच फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. टर्नटेबलची अर्थची वायर एका बाजूने सोडून-लावून पाहा, प्रीॲम्प नव्वद अंशात फिरवून पाहा, ॲम्प्लिफायरपासून दोन हात लांब न्या. जागा बदलल्यावर हम बदलला, तर दोष जागेचा. करकरीत, दात असलेला 'झ्झ्झ' आवाज असेल तर तो दुप्पट फ्रीक्वेन्सीचा आणि रेक्टिफायरकडचा, आणि तो जागा बदलून जात नाही. जुन्या उपकरणात फिल्टर कपॅसिटर संपत आल्याची ती खूण.

तुलनेच्या वेळी दोन्ही प्रीॲम्प एकावर एक रचू नका. एकाचा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याच्या इनपुटवर बसेल आणि बदनाम होईल वरचा.

खळखळाटाचं काय? व्हॉल्व्ह नेहमीच मागे पडतो?

मूव्हिंग मॅग्नेटवर फारसा नाही. व्हॉल्व्हचा इनपुटकडचा खळखळाट एक मायक्रोव्होल्टच्या आसपास धरला, तरी ५ मिलिव्होल्टच्या सिग्नलपुढे तो ७४ डीबी खाली राहतो, आणि रेकॉर्डची स्वतःची खसखस त्याच्या वर असते. सुई टेकली की प्रीॲम्पचा खळखळाट तिच्याखाली झाकला जातो.

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजवर (ज्यात चुंबकाऐवजी गुंडाळी हलते) चित्र पालटतं. ०.३ मिलिव्होल्टच्या सिग्नलपुढे तोच एक मायक्रोव्होल्ट फक्त ५० डीबी खाली. म्हणून व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये मूव्हिंग कॉइलसाठी बहुधा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर असतो, किंवा पुढच्या टोकाला एखादा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. १ ला १० चा ट्रान्सफॉर्मर सिग्नल दहापट करतो, पण कार्ट्रिजला दिसणारा लोड शंभरपट कमी करतो. ४७ किलोओहमचे ४७० ओहम होतात, आणि १ ला २० घेतला तर ११८च्या आसपास. तुलना करताना सॉलिड-स्टेट प्रीॲम्पचा लोड स्विच याच आकड्याजवळ ठेवा. आणि हेही लक्षात ठेवा, की अशा वेळी तुम्ही ट्रान्सफॉर्मरचीही तुलना करत आहात.

सॉलिड-स्टेटवर चरे आणि टिकटिक जास्त बोचतात, असं का?

कधी कधी ते खरंच असतं. चऱ्याचा झटका संगीतापेक्षा कितीतरी मोठा आणि वेगवान असतो. अधिक-उणे १५ व्होल्टवरचा ऑप-ॲम्प टप्पा १ किलोहर्ट्झला ९५ मिलिव्होल्टपर्यंतचं इनपुट बिनबोभाट सोसतो, म्हणजे ५ मिलिव्होल्टच्या वर २५ डीबी. एवढं पुष्कळ झालं. पण यूएसबीच्या ५ व्होल्टवर थेट चालणारा छोटा डबा १६ मिलिव्होल्टच्या आसपासच छताला डोकं आपटतो, आणि मग नुसता चराच कशाला, जोरकस रेकॉर्डही कापली जाते. इथे व्हॉल्व्ह जिंकतो तो त्याच्या अडीचशे व्होल्टमुळे. माहितीपत्रकात 'ओव्हरलोड मार्जिन' पाहा. चांगल्या सॉलिड-स्टेटमध्ये हा फरक उरत नाही. मग टोचतो तो वर सांगितलेला ट्रेबलचा उंचवटा.

व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पवर बास कमी वाटतो.

पुढच्या ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स पाहा. आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि पुढे १० किलोओहम असतील, तर ३४ हर्ट्झलाच बास ३ डीबी उतरलेला असतो. पुढे ४७ किलोओहम असतील, तर तोच बिंदू ७ हर्ट्झवर जातो. कॅथोड फॉलोअर (आउटपुट इम्पीडन्स उतरवणारा टप्पा) नसलेल्या १२एएक्स७ च्या टप्प्याचा आउटपुट इम्पीडन्स तीस-चाळीस किलोओहम असू शकतो. त्याला तीन मीटर केबल लावली, की वरच्या टोकालाही १४ किलोहर्ट्झपासून उतार लागतो. अशा प्रीॲम्पला आखूड केबल आणि जास्त इम्पीडन्सचं इनपुट द्या, मगच त्याच्याबद्दल मत बनवा.

संगीत सुरू नसतानाही वूफरचा पडदा पुढेमागे डोलतो.

वाकडी रेकॉर्ड. ३३⅓ फेऱ्यांना एक बाक सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त वेळा येतो, आणि टोनआर्म-कार्ट्रिजचा रेझोनन्स १० हर्ट्झच्या आसपास असेल तर तोही त्यात सूर मिसळतो. दोनपैकी एकाच प्रीॲम्पमध्ये सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारा खर्ज कापणारा) असेल, तर तुलनेपुरता तो बंद करा. एरवी चालू राहू दे.

व्हॉल्व्ह बदलून आवाज बदलतो का?

बदलतो, पण बदलला तो बऱ्याचदा गेन. म्हणून पातळी पुन्हा मोजा. १२एएक्स७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, १२एटी७ चा ६०, १२एयू७ चा २० च्या आत. पिना तिन्हींच्या सारख्याच, म्हणून अदलाबदलीचा मोह होतो. पण फोनोमध्ये आरआयएए जाळं कित्येकदा व्हॉल्व्हच्या प्लेट रेझिस्टन्सवर बेतलेलं असतं. वेगळा प्रकार घातला, की वक्रच बिघडतो. आणि ईसीसी८८ तर १२एएक्स७ च्या जागी अजिबात घालू नका. आकार आणि नऊ पिना तशाच असल्या, तरी हीटरची जोडणी वेगळी आहे.

छोट्या डब्यातून डोकावणारी, नारिंगी चमकणारी ट्यूब खरी काम करते का?

खाली एलईडी लावून चमक आणलेले डबे मी पाहिलेत. बारा-चोवीस व्होल्टवर चालणाऱ्या अशा प्रीॲम्पमध्ये गेन आणि आरआयएए बहुतेकदा ऑप-ॲम्प करतो आणि ट्यूब शोभेला किंवा थोडी विकृती घालायला असते. 'ट्यूब विरुद्ध सॉलिड-स्टेट' या तुलनेत असा डबा घेतला, तर तुम्ही दोन ऑप-ॲम्पची तुलना करताय.

ऑप-ॲम्प म्हणजे हलका माल, हे खरं का?

नाही. एनई५५३२ हा ऑप-ॲम्प १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि नंतर असंख्य स्टुडिओ मिक्सरांमध्ये बसला. तुमच्या संग्रहातल्या कितीतरी रेकॉर्डचा सिग्नल कापला जाण्याआधी अशा चिपांच्या रांगेतून गेलेला असेल. सर्किट, पॉवर सप्लाय आणि आरआयएएचे भाग कसे आहेत, यावर सगळं अवलंबून आहे.

व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये हात घालणं धोक्याचं आहे का?

झाकण उघडत असाल तर हो, जिवावरचं आहे. आत ३०० व्होल्ट असू शकतात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून बसतात. सवय नसेल तर उघडू नका. बाहेरून व्हॉल्व्ह बदलायचा असेल, तर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. सुरू करताना आधी प्रीॲम्प आणि मिनिटभराने पॉवर ॲम्प्लिफायर; बंद करताना उलटा क्रम. नाहीतर येणारा 'धप्प' स्पीकरला सोसावा लागतो.

तुमचा स्वतःचा कौल कुठे?

मूव्हिंग कॉइल वापरत असाल, उपकरण दिवसभर चालू राहणार असेल, किंवा देखभालीचा कंटाळा असेल, तर सॉलिड-स्टेट. त्यात दुसरा विचार नको. मूव्हिंग मॅग्नेट असेल, ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स ऐसपैस असेल आणि व्हॉल्व्ह बदलून पाहण्यात मजा वाटत असेल, तर चांगला व्हॉल्व्हचा प्रीॲम्प काही कमी देत नाही. पातळी आणि लोड जुळवल्यावर चांगल्या दोघांमधला फरक मला नेहमीच अपेक्षेपेक्षा लहान वाटत आलाय. कार्ट्रिज बदलल्यावर पडणारा फरक त्याहून मोठा असतो, आणि हातात एकदाच खर्च करण्याइतका वाव असेल तर मी तो तिकडे करेन.

ॲम्प्लिफायरलाच 'फोनो' इनपुट आहे. बाहेरचा प्रीॲम्प तिथे जोडू का?

नको. मग दोनदा गेन आणि दोनदा आरआयएए होतो. आवाज फाटलेला आणि बास बेसुमार येतो. बाहेरचा प्रीॲम्प ऑक्स, सीडी, लाइन यांपैकी कुठेही चालेल. आतला फोनो टप्पा मात्र तुलनेत तिसरा स्पर्धक म्हणून जरूर घ्या. तो कधी कधी दोघांनाही खाली बसवतो.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डसाठी यातला कुठला बरा?

बदलता इक्वलायझेशन वक्र असलेला, मग आत काहीही असो. १९५४ च्या आधीच्या रेकॉर्ड कंपन्यांनी आपापले वक्र वापरले, त्यामुळे आरआयएएवर त्या मंद आणि दबलेल्या लागतात. सुईही वेगळी लागते. एलपीची गोल सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, ७८ ला ३ मिलच्या आसपास हवी. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तिथला सगळा कचरा ऐकवते.